कासवाचा स्वेटर

बायको होती त्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा थिएटरात तीनच्या खेळाची रांग आत सोडणं चाललं होतं. त्याने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला आणि तिकिटं फाडत राहिला.

"काका, तुम्ही जरा लगेच या," नर्स म्हणाली.

"कशी आहे ती?"

 नर्स परत एवढंच म्हणाली, "तुम्ही या काका."

तेवढ्यावरून त्याला कळलं. रांगेत अजून दहा-बाराजण होते. त्यांची तिकिटं त्याने फाडली, अर्धी अर्धी ज्याच्या त्याच्या हातात दिली, दार ओढून घेतलं आणि मग मॅनेजरच्या खोलीत जाऊन सांगितलं.

"अहो, मग रांग कसली संपवत बसलात?" मॅनेजर म्हणाला.

 तीस वर्षं तो त्या थिएटरात डोअरकीपर होता. रांग अर्ध्यावर सोडून जाता येतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी त्याच्या पिशवीत एक स्वेटर होता, तळहातावर मावेल एवढा, मोहरीच्या रंगाचा. बायकोने तो आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या पलंगावर बसून पुरा केला होता. ती बाहुल्यांचे कपडे विणायची. सायकलच्या तारा घासून घासून तिने सुया केल्या होत्या. लहान मुलांच्या एका पुस्तकावरून बाहुल्यांचा सिनेमा निघत होता आणि त्यातल्या कासवाचे सगळे स्वेटर तिच्याकडे विणायला होते. कासवाच्या पाठीला तडा गेलेला असतो, आत गार वारा शिरतो, म्हणून पाठीवरून स्वेटर.

असल्या सिनेमात बाहुली हाताने केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, परत फोटो. एका सेकंदाला चोवीस फोटो. दर वेळी बोटं लोकरीला लागतात आणि लोकरीचे तंतू इकडचे तिकडे होतात. पडद्यावर मग सगळा स्वेटर मुंग्या लागल्यासारखा वळवळतो. त्यासाठी तिची एक रीत होती. पांढरा गोंद पाण्यात पातळ करायचा आणि स्वेटर उलटा करून आतून ब्रशने दोन हात द्यायचे. तंतू जागच्या जागी बसायचे. स्टुडिओतली माणसं म्हणायची, ताईंचा स्वेटर हलत नाही.

"घरी गेलात की गोंद लावा," तिने पिशवी देताना सांगितलं होतं. "आतून. दोन हात. वाळल्याशिवाय देऊ नका. जमेल ना?"

"तुझं बघून बघून पाठ झालंय."

"पाठ होणं वेगळं आणि करणं वेगळं. चहासुद्धा तुम्हाला पाठ आहे."

ते शेवटचं बोलणं. सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी स्टुडिओतून माणूस आला. त्याने फार संकोचून विचारलं आणि याने पिशवी जशी होती तशी त्याच्या हातात दिली. आठव्या दिवशी खिडकीत गोंदाची बाटली दिसली, तेव्हा गोंद लावायचा राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. स्टुडिओत सांगायचं म्हणून त्याने फोन उचलला. पण तोवर कासवाच्या अंगात स्वेटर गेला असणार, फोटो सुरू झाले असणार. आता सांगून काय होणार, असं म्हणून त्याने फोन खाली ठेवला.

दीड वर्षाने सिनेमा त्याच्याच थिएटरला लागला. एक आठवडा चालेल असं सगळे म्हणत होते. मग शाळा यायला लागल्या.

"कासव दीडशे वर्षं जगतं म्हणे," ऑपरेटर म्हणाला. "हा सिनेमा त्याच बोलीवर आणलेला दिसतोय."

"मला बाहेर पार्किंगला टाका," याने मॅनेजरला सांगून बघितलं.

"आणि आत कोण? अंधारात पोरं उठतात, कुणाला बाथरूम, कुणी रडतंय. तुमच्याइतकं सांभाळून कोण घेणार? दार लावून आतच थांबा."

म्हणून तो दिवसातून चार वेळा दार लावायचा आणि पाठ दाराला टेकून आत उभा राहायचा. सुरुवात बरी जायची. पुस्तक वाचून आलेली पोरं भांडायची, "पुस्तकात स्वेटर निळा आहे, हे चुकीचंय." कासव स्वेटर घालायला लागलं की एवढा वेळ लावायचं, की मागून कोणीतरी ओरडायचंच, "आमची आजीपण अशीच." हसण्याचा गलका व्हायचा. पहिले सगळे स्वेटर जागच्या जागी घट्ट असायचे. तो ते डोळे भरून बघायचा.

शेवटच्या वीस मिनिटांत कासव कालव्याच्या जाळीमागे अडकतं. तो मोहरीच्या रंगाचा स्वेटर तिथे यायचा. हॉल चिडीचूप व्हायचा. कासव हलत नसायचं, फक्त स्वेटर हलायचा, सगळीकडून, बारीक बारीक.

"थंडी वाजतेय त्याला," एखादी मुलगी कुजबुजायची.

"थंडी नाही गं. घाबरलंय."

तो डोळे मिटून घ्यायचा. पण पोरांचा श्वास अडकला की ऐकू येतो.

एका रविवारी मेहुणी सिनेमा बघायला आली. बाहेर येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "भावजी, लोक डोळे पुसतायत. मला मात्र बघवलं नाही. ताईच्या हातून असं ढिलं काम कधी गेलं नव्हतं. शेवटी हात गेला म्हणायचा तिचा."

"आजारी होती ना," तो म्हणाला.

म्हटलं आणि लगेच त्याला कळलं की आपण काय केलं. गप्प बसणं निदान गप्प बसणं होतं, हे तर चूक तिच्यावर ढकलणं झालं.

पुढच्या आठवड्यात सिनेमा करणाऱ्या मॅडम एका खेळाला आल्या. खेळ संपल्यावर दिवे लावले आणि लोकांनी प्रश्न विचारले. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. "तो स्वेटर थरथरतो. तेवढ्यात त्या मुक्या जिवाचं सगळं येतं. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"खरं सांगू? सुचलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "स्वेटर विणणाऱ्या ताई तेव्हा शेवटच्या आजारात होत्या. हातात ताकद राहिली नव्हती. स्वेटर कच्चा आला. परत विणून मागायला त्या उरल्या नव्हत्या. मग तसाच ठेवला."

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनाने, खूप वेळ. तो दाराशी उभा होता. टाळ्या संपेपर्यंत दार उघडता येत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मॅडम त्याच्यापाशी आल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "काका, मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला चाललं ना?"

तो काही बोलेल म्हणून त्या थांबल्याही. खुर्च्यांमध्ये कोणी उरलं नव्हतं. एवढा एकांत त्याला पुन्हा मिळणार नव्हता.

"चाललं," तो म्हणाला.

आता शाळेच्या बाई पोरांना आधीच सांगून आणतात. परवा जाळीचा प्रसंग आला तेव्हा पहिल्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला समजावत होती, "त्या ताईंना नीट जमलं नव्हतं. त्या आजारी होत्या."

सिनेमा अजून दोन आठवडे वाढवला आहे. स्वेटर तिने नीटच विणला होता, गोंद लावायचा राहिला तो त्याच्याकडून. मॅडमना हे सांगायचं राहिलं आहे, आणि मेहुणीलाही.