रेघेच्या आत आठ मैल

मी नकाशा बोलतोय. जमिनीचा नव्हे, पाण्याचा. माझ्यावर रस्ते नाहीत, पूल नाहीत, कुणाच्या घराची खूण नाही. दोन्ही कडांना किनाऱ्याची पिवळी पट्टी आणि मधे सगळं आखात. पाण्यात जागोजागी खोलीचे आकडे, बुडीत खडकांच्या फुल्या, खालच्या कोपऱ्यात दिशाचक्र. आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक जांभळी तुटक रेघ. ती रेघ नसती तर मी साधा, सुखी कागद झालो असतो.

सागरी मोजणीच्या कचेरीत माझा जन्म झाला. रेघ आखणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून, भिंग लावून मला तपासत बसल्या होत्या. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"रेघ बरोबर आहे ना बाई?"

"तीनदा बघितली. आमची आई म्हणायची, पाण्यावरची रेघ टिकत नाही. इथं तर माझी नोकरीच तिच्यावर टिकलीय."

साहेब हसले आणि त्यांनी माझ्यावर सही ठोकली. माणसं स्वतःच्या कामावर असं हसतात आणि मग ते काम दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून मोकळी होतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

बंदरावरच्या दुकानातून मला एका तांडेलानं विकत घेतलं. तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या. वयानं पन्नाशीचा, अंगानं काटक, बोलणं मोजकं. बोटीवर जागा दाखवणारं यंत्र होतं, तरी याला कागद हवा होता. "यंत्र आत्ता कुठे आहेस ते सांगतं," तो म्हणायचा, "कागद कुठून आलास ते सांगतो." दर तासाला तो पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचा, माझ्यावर बारीक खूण करायचा आणि बाजूला वेळ लिहायचा. पेन्सिल जिभेला लावायची सवय वाईट, असं त्याची बायको त्याला वीस वर्षं सांगत होती.

ती जाळी विणायची. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा तिनं मला जमिनीवर पालथा पसरला, खळ शिजवली आणि माझ्या पाठीला जुन्या चादरीचं कापड चिकटवलं. "समुद्रावर चार दिवसांत चिंध्या होतील याच्या," ती म्हणाली. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

इंजिन सांभाळायला तिचा धाकटा भाऊ होता, म्हणजे तांडेलाचा मेहुणा. तोंडाळ, पण कामाला वाघ. शिवाय दोन जुने खलाशी. मेहुण्याला समुद्राचा कायदा शिकवायचं काम तांडेल माझ्यावर बोट ठेवून करायचा.

"हे बघ. किनाऱ्यापासून बारा मैल म्हणजे त्या देशाचं अंगण. परक्या बोटीला अंगणातून जायला मुभा आहे, पण सरळ जायचं. रेंगाळायचं नाही, जाळं टाकायचं नाही. आखाताबाहेर दोनशे मैलांपर्यंत ते त्यांचं शेत. तिथून खुशाल ये-जा करावी, पण पिकाला, म्हणजे मासळीला, हात लावायचा नाही. आणि त्यापलीकडे खुला समुद्र. तो कुणाच्या बापाचा नाही."

"म्हणजे सगळ्यांच्या बापाचा," मेहुणा म्हणाला.

"शहाणा आहेस. आता आपल्या आखातात पाणीच जेमतेम चोवीस मैल. बारा त्यांचे, बारा आपले, झालं. ही रेघ म्हणजे दोघांच्या अंगणातलं कुंपण."

"आणि दाजी, त्यांच्या अंगणात थांबायची वेळच आली तर?"

"इंजिन बंद पडलं, वादळात सापडलो, नाहीतर कुणी बुडत असेल, तर थांबता येतं. कायद्यातच आहे तसं."

हे तो इतक्या विश्वासानं म्हणाला की मलाही खरं वाटलं. आणि ते खरं होतंच. कायदा खोटं बोलत नाही. त्याच्यापुढे माणसं बोलतात.

चार वर्षं आमचं बरं चाललं. तांडेलानं एकदाही रेघ ओलांडली नाही. समोरच्यांच्या बाजूला, त्यांच्या किनाऱ्यापासून चार मैलांवर, ओहोटीला डोकं काढणारा एक खडक आहे. माझ्यावर त्याची फुली आहे. त्या खडकाभोवती मासळी अंडी घालते, म्हणून त्यांच्याच सरकारनं तिथं सगळ्यांना मासेमारीची बंदी केलेली. मेहुणा कधीकधी त्या फुलीकडे आशाळभूतपणे बघायचा. तांडेल त्याच्या डोक्यात टपली मारायचा.

त्या दिवशी आम्ही रेघेच्या अलीकडे, आपल्याच पाण्यात होतो. जाळं अर्धं वर आलं होतं. दहा चाळीसला वायरलेसवर आवाज आला. समोरच्या किनाऱ्यावरची भाषा आमचीच, फक्त हेल वेगळा. "खडकावर आदळलोय. पाणी भरतंय. पाच जण आहोत. कुणी आहे का? कुणीतरी बोला!"

तांडेलानं थोडं थांबून ऐकलं. त्यांच्या गस्ती बोटीचं उत्तर येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. तोच आवाज पुन्हा आला, या वेळी रडका.

"दाजी, तो खडक त्यांच्या आठ मैल आत आहे," मेहुणा म्हणाला.

"माहीत आहे."

"जाळं ओढायला अजून तास लागेल."

"कोयता दे."

अर्धं जाळं डेकवर, अर्धं पाण्यात, आणि मधे त्यानं कोयता चालवला. ते जाळं बायकोनं पाच महिने बसून विणलं होतं. मग त्यानं वायरलेस तोंडाशी धरून दोनदा सांगितलं, "आम्ही मदतीला आत येतोय. मासेमारी करत नाही. ऐकताय का?" पलीकडून नुसती खरखर. त्यानं पेन्सिल जिभेला लावली, माझ्यावर वेळ लिहिली आणि सुकाणू फिरवलं.

आम्ही बारा वाजायला दहा मिनिटं असताना पोहोचलो. बोट खडकावर कलंडली होती, लाट आली की फळ्या कडाकड मोडत होत्या. माणसं खडकाला चिकटून बसलेली, भरतीचं पाणी गुडघ्यापर्यंत चढलेलं. दोराला धरून एकेकाला ओढून घेतलं. शेवटी त्यांचा तांडेल आला, जाडजूड गडी, डावा हात कोपराखाली लोंबत होता. आमच्या तांडेलानं स्वतःचा सदरा फाडून तो हात त्याच्या गळ्यात बांधला.

तो केबिनमधे जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. "भाऊ, माझ्या पोरांचा बाप तू परत आणलास. जन्मभर विसरणार नाही."

तेवढ्यात आमचा तांडेल फुलीशेजारी खूण करून वेळ लिहीत होता. ते बघून त्या गड्याचं रडणं थांबलं. "ही जागा कशाला लिहितोस?"

"सवय आहे."

"नको लिहूस ना. काय गरज आहे?"

तांडेलाला वाटलं, माणूस घाबरलाय. मला मात्र त्याच्या नजरेत भीतीपेक्षा हिशेबी काहीतरी दिसलं. तो बंदीच्या पाण्यात जाळं टाकायला गेला होता.

साडेबाराला गस्ती बोट आली. वाचवायला न आलेली, पकडायला वेळेवर आली. आधी त्या पाच जणांना घोंगड्यांत गुंडाळून नेलं. मग अधिकाऱ्यानं आमच्या डेकवरचं जाळं बोटांनी दाबून बघितलं.

"ओलं आहे."

"तिकडचं आहे साहेब, आमच्या पाण्यातलं. कापून आलो. हे बघा, टोक."

"मासळी ताजी आहे."

"सकाळची आहे. त्या माणसांना विचारा ना."

"विचारू," अधिकारी म्हणाला, आणि त्यानं मला गुंडाळून काखेत मारलं.

मेहुण्याला आणि खलाशांना अकराव्या दिवशी सोडलं. तांडेलाला नाही, बोट त्याची, जबाबदारी त्याची. मी एका लोखंडी कपाटात होतो, गळ्यात क्रमांकाचा बिल्ला. तिथून मला बाहेर काढलं वकीलबाईंनी. त्या तिथल्याच, सरकारनं आरोपीला नेमून दिलेल्या. कंटाळून कागद चाळत होत्या. मला उलगडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे सगळं तुम्ही त्या वेळी लिहिलंत?" त्यांनी तांडेलाला विचारलं.

"हो."

"अहो, मग सुटलात तुम्ही! संकटातल्या माणसाला मदत करायला थांबणं गुन्हा नाही. त्या पाचांतला एक जरी म्हणाला की त्यांनी आम्हाला खडकावरून काढलं, तरी पुरे."

"म्हणतील की," तांडेल म्हणाला. "का नाही म्हणणार?"

कोर्टात मला भिंतीवर टाचण्यांनी लावलं. सरकारी वकील म्हणाले, पेन्सिलीचं काय, मागाहूनही लिहिता येतं. मग तो जाडजूड गडी साक्षीला उभा राहिला. हाताला पांढरं प्लास्टर होतं.

वकीलबाईंनी विचारलं, "या माणसानं तुम्हाला पाण्यातून काढलं?"

"काढलं."

"कुठे? या नकाशावर दाखवा."

तो माझ्याजवळ आला. त्याच्या श्वासाची ऊब मला लागली. खडकाच्या फुलीवर त्याची नजर क्षणभर अडकली. खरं बोलला असता तर त्याचा परवाना गेला असता, एवढंच. चांगल्या हाताचं बोट उचलून त्यानं ते थेट रेघेपाशी नेलं. "इथे. आमचं इंजिन बंद पडलं, वाहत गेलो, बोट बुडाली. नंतर यांनी उचललं. पण त्याआधीपासून हे आमच्या बाजूला जाळं टाकून होते. आम्ही लांबून बघितलं."

उरलेल्या चौघांनी तेच पाठ म्हटलं. त्यांच्या बोटीच्या फळ्या शोधायला खडकावर कुणी गेलं नाही. तोवर दोन महिन्यांच्या भरत्या येऊन गेल्या होत्या.

पिंजऱ्यातून आमचा तांडेल एवढंच म्हणाला, "हात कसा आहे तुझा?"

त्या माणसानं मान वर केली नाही. न्यायाधीशांनी आरोपीला शांत राहायला सांगितलं.

चौदा महिन्यांची कैद झाली, बोट जप्त झाली. बाहेर पडताना वकीलबाई चिडून म्हणाल्या, "बारा मैलांबाहेर पकडलं असतं तर मासळीसाठी असं तुरुंगात डांबताच आलं नसतं."

तांडेल हसला. त्याचं तसलं हसू मी त्याआधी बघितलं नव्हतं. "म्हणजे शेतातल्या चोरीला तुरुंग नाही, अंगणातल्या चोरीला आहे. आणि मी तर चोरीच केली नव्हती, बाई."

शिक्षा संपल्यावर त्याला त्याचा पट्टा, घड्याळ आणि मी परत मिळालो. बोट मिळाली नाही. ती बंदरात उभी राहून सडली आणि तिचं सरपण झालं. घरी आला तेव्हा बायकोनं दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलात हो." मला तिनं फळीवर ठेवलं.

आता तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. समुद्राकडे पाठ करून बसतो. मेहुणा दुसऱ्या एका बोटीवर तांडेल झाला. गेल्या महिन्यात एका दुपारी तो घरी आला.

"दाजी," तो म्हणाला, "परवा पलीकडून हाक आली होती. वायरलेसवर. रेघेच्या तीन मैल आत. मी आवाज बारीक केला."

तांडेल खिडकीबाहेर बघत होता.

"मी चुकलो का?"

"बरं केलंस," तांडेल म्हणाला.

बायको कोपऱ्यात जाळं विणत होती. तिचा हात थांबला. "किती माणसं होती?"

"आवाज एकाचाच होता, ताई. पेपरात आलं, तिघं गेले."

"तू गेला असतास," ती भावाला म्हणाली, "तर तुझ्या बायकोला माझ्यासारखं चौदा महिने दाराकडे बघत बसावं लागलं असतं. तू नाही गेलास, मी तुला बोल लावणार नाही. पण बरं केलंस, असं या घरात कुणी म्हणायचं नाही." मग नवऱ्याकडे वळून, आवाज न चढवता, "तुम्ही तर अजिबात नाही."

तांडेलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चौदा महिन्यांत जो रडला नव्हता, तो त्या दुपारी रडला. मेहुणा पायात चपला न घालताच अंगणात जाऊन उभा राहिला.

मी फळीवर आहे. आखाताची नव्यानं मोजणी झाली म्हणे, नवे नकाशे निघाले, मी रद्द झालो. घड्यांवर कागद झिजलाय. पाठीच्या कापडामुळे तेवढा एकसंध आहे. रद्द झालेल्या कागदाची साक्ष कुठल्याच कोर्टात चालत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही तरी ऐकून ठेवा. त्या दिवशी बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्या खडकावर पाच माणसं होती. ती पाचही आज जिवंत आहेत.