जाळ्याला ना-हरकत

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, बुवा आताच हातपाय धुवायला गेलेत. तोवर एका शिक्क्याची गोष्ट सांगतो, अठ्ठ्याण्णव सालची.

तेव्हा मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आवक-जावक बघायचो. आमच्या खरेदी समितीचे अध्यक्ष हंबीरराव. मृदंगही आतून पोकळच असतो, पण त्याला शाई लावलेली असते म्हणून तो सुरात बोलतो. हंबीररावांनी जन्मात कधी कागदाला शाई लावली नाही. नुसतेच पोकळ, आणि आवाज मात्र चारी मजल्यांवर.

आटपाडीच्या प्रियदर्शनी मॅडम त्याच साली पुण्याची नोकरी सोडून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना संगणकांच्या सुरक्षेचा नवा विषय शिकवायचा होता. त्यासाठी एक यंत्र हवं होतं: संगणक जोडणाऱ्या तारांतून काय जातं-येतं ते पकडून पडद्यावर दाखवणारं, नेटवर्क तपासायचं यंत्र. पुण्याच्या दुकानदाराने ते बांधून तयार ठेवलं होतं. विद्यापीठाची समिती वीस फेब्रुवारीला येणार होती. त्या दिवशी यंत्र दिसलं नाही तर विषय बंद, आणि मॅडमनी गोळा केलेली अकरा पोरं वाऱ्यावर.

आता फायली मराठीत करायचा हुकूम होता. ऑफिसातल्या शहाण्यांनी नेटवर्कचं केलं ‘जाळे’. हंबीररावांपुढे कागद गेला, ‘जाळे तपासणी यंत्र खरेदीबाबत’. त्यांनी चष्मासुद्धा न लावता सांगितलं, जाळं म्हणजे मासेखात्याचं काम, त्यांची ना-हरकत आणा.

मॅडम त्यांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. बसा म्हणायची रीत तिथे नव्हतीच.

“साहेब, हे संगणकांचं जाळं आहे. यात मासे नसतात.”

“मग काय असतंय?”

“चोर.”

“मग पोलिसांकडंबी एक कागद जाऊ द्या. ज्ञानू, लिहून घे रं.”

मी लिहून घेतलं नाही. देवाने एवढी बुद्धी मला दिली. पण मासेखात्याचा कागद चुकणार नव्हता. त्यांचं ऑफिस कोयनेच्या धरणाकाठी, आणि टपालाने तो महिनाभर आला नसता. आमच्या गावच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन नेमकं दुसऱ्याच दिवशी होतं. वीस वर्षांत मी काला चुकवला नव्हता. तो चुकवला आणि पहाटेच्या एस.टी.ने कऱ्हाड, पाटण करत कोयनानगर गाठलं.

मासेखात्याच्या तिथल्या ऑफिसात चांदसाहेब नावाचे एकटेच कारकून होते. त्यांनी फाईल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. आमच्या कॉलेजात एवढं कुणी केलं नव्हतं. हसतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. ते हसले नाहीत. हे यंत्र करतं काय, एवढंच विचारलं. मॅडमकडून ऐकलेलं मी जमेल तसं सांगितलं.

ते उठून भिंतीपाशी गेले. भूकंपाने भिंतीला भेग पडली होती, आणि तिच्यावर आडवी एक काचेची पट्टी चिकटवलेली होती.

“भेग वाढली का न्हाई ते भिंत सांगत न्हाई, पाव्हणं. आधी काच तडकती. तुमचं यंत्र तसलंच न्हवं?”

मी म्हणालो, व्हय.

त्यांनी फायलीवर लिहिलं: ‘सदर जाळे पाण्यातील नाही. तरी फाटल्यास वेळीच कळावे म्हणून यंत्र जरूर घ्यावे. हरकत नाही.’ खाली ठसठशीत शिक्का. मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

हंबीररावांनी शिक्का बघितला. वरचं एक अक्षर वाचलं नाही. सही केली आणि बघा, रीतसर काम असं होतं, म्हणाले.

अठराला यंत्र आलं, विसाला समिती. हंबीररावांनी नारळ फोडला, स्वतःच टाळ्या सुरू केल्या. मॅडमनी त्यांना अदबीने पलीकडच्या संगणकापाशी बसवलं आणि मनातला एखादा गुप्त शब्द टाका, म्हणाल्या. त्यांनी हाताने आडोसा करून एका बोटाने टाकला. इकडे यंत्राच्या पडद्यावर, सगळ्या समितीसमोर, शब्द उमटला: हंबीरराव.

गुप्त म्हणूनसुद्धा त्या माणसाला स्वतःच्या नावापलीकडे काही सुचलं नव्हतं.

समितीचे प्रमुख रुमालात हसले. विषय का शिकवायचा ते कळलं, म्हणाले, आणि तिथल्या तिथे मंजुरीची सही केली. हंबीरराव आजारी असल्यासारखे घरी गेले, पण महिन्याभरात त्या खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी लागली. नाव कुणाचं, ते सांगायला नको.

बुवा आले बघा, वीणा जुळवतायत. आता एवढंच करा. नामाचा गजर होईल तेव्हा एक टाळी कोयनानगरच्या चांदसाहेबांच्या नावाने वाजवा. मी दरवेळी वाजवतो.