तिसऱ्या विहिरीवर

सुकलालनं होडीतून नदीतल्या माचणावर पाय ठेवला, तेव्हा त्याच्या मुलाच्या डोक्यावर पितळी टोप बसवून झाला होता. एक गडी टोपाची समोरची गोल काच फिरवून घट्ट करत होता. काचेमागून रूपचंदला बाप दिसला. त्याच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले. आवाज मात्र बाहेर आला नाही.

"थांब, माले बोलनं शे," सुकलाल म्हणाला.

"आते त्याले आयकू येत नही, भाऊ," दोर धरून बसलेला नथ्थू म्हणाला. "वर उना का मंग बोला."

रूपचंदनं जाड बाहीतला हात उचलून बापाकडे हलवला आणि शिशाचे बूट ओढत तो शिडीकडे वळला. दुसरा पाणबुड्या, दोधू, आधीच खाली गेला होता. मुलाचे खांदे बुडाले, मग टोपाचा चकाकता माथा बुडाला. वर गढूळ पाणी तेवढं उरलं.

शहाद्याला एसटीत बसल्यापासून सुकलाल एकच बोलणं मनात घोळवत आला होता. फार मोठं नव्हतं ते. तुझी माय संध्याकाळचं जेवत नाही. लोणखेड्याच्या सोयऱ्यांनी जमलेली सोयरीक मोडली. पाण्याखाली जाणाऱ्याला पोरगी कशी द्यायची, म्हणाले. केळीच्या बागेला माणूस पाहिजे. चल घरी. एवढंच.

दिवाळीत रूपचंद घरी आला होता, तेव्हाच खरं तर बोलायला हवं होतं. डिप्लोमा पास झाल्यावर पूल बांधणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी लागली, तेव्हा सुकलालनं गावभर पेढे वाटले होते. मग कंपनीनं त्याला मुंबईच्या गोदीत पाण्याखाली उतरायचं शिकायला पाठवलं. "बाकीना इंजिनियर वरथून दखतस, आबा. मी खाले जाईसन दखसू," असं तो ओसरीवर बसून सांगत होता, आणि त्याचे डोळे लहानपणी बैलगाडी हाकायला मिळाल्यावर चमकायचे तसे चमकत होते. सुकलाल उठून गोठ्यात निघून गेला होता. त्यानंतर बाप-लेकाचं बोलणं झालं नव्हतं.

तापीच्या पात्रात सिमेंटची अवाढव्य पोकळ विहीर उभी होती. तळाची वाळू उपसत न्यावी तशी ती आपल्याच भारानं खाली उतरत जाई. खडकाला टेकली, की आत काँक्रीट भरून तिच्यावर पुलाचा खांब चढवायचा. दोन विहिरी नीट बसल्या होत्या. ही तिसरी एका बाजूनं मोठ्या दगडावर अडून कलली होती. पुराआधी सरळ झाली नाही, तर नदी तिला नेणार, हे सगळ्यांना कळत होतं. दोधू आणि रूपचंद त्या दगडाखालची वाळू मोकळी करायला गेले होते. विहिरीच्या तोंडावर हे लाकडी माचण बांधलं होतं, आणि त्यावर दोरांनी जखडलेला हवेचा पंप होता. त्याचं मोठं चाक दोन दांड्यांना धरून दोघं गडी फिरवत होते. पंपातून दोन रबरी नळ्या पाण्यात गेल्या होत्या.

सुकलाल कडेला बसला. पाण्यावर दोन जागी बुडबुडे उकळत होते.

"मन्हा कोनता?" त्यानं विचारलं.

नथ्थूच्या दोन्ही मुठींत दोन दोर होते. त्यातला उजवा त्यानं किंचित वर करून दाखवला.

तेवढ्यात माचण खालून कुणी ओढावं तसं खचलं. आधी धक्का, मग पोटातून घुमणारा आवाज. विहीर हातभर खाली गेली होती आणि आणखी कलली होती. पाट्या, फावडी, पाण्याचा माठ घरंगळत कडेला गेले. माणसं ओरडत होडीकडे धावली. पंपावरच्या दोघांपैकी एकानं दांडा सोडला आणि सरळ होडीत उडी टाकली.

पाण्यावरचे बुडबुडे थांबले.

"चाक!" नथ्थू किंचाळला. "चाक थांबू देऊ नका!"

पंपावर वाहरू एकटा उरला होता. सातपुड्यातला हा तरणा गडी दोन्ही पाय फळ्यांत रोवून दांडा ढकलत होता, पण एका माणसाला ते चाक पुरं फिरेना. सुकलाल केव्हा उठला हे त्यालाही आठवलं नाही. त्यानं समोरचा दांडा धरला आणि सगळा भार टाकला. चाक अडलं, मग फिरलं. पंपानं खोल श्वास घेतल्यासारखा आवाज केला. पाण्यावर पुन्हा दोन जागी उकळी फुटली.

"जिता शेत," सुकलाल धापा टाकत म्हणाला. "बुडबुडा येतस. जिता शेत ना?"

नथ्थूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "ती आपली हवा शे, भाऊ. आपन चाक फिरवतस म्हनीसन येस."

 म्हणजे खाली माणूस असो वा नसो, बुडबुडे येतच राहणार. नथ्थूनं एक दोर दोनदा ओढला, मग दुसरा. खालून उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा ओढले. कामावरचे मोठे साहेब कठडा धरून उभे होते, त्यांची टोपी नदीत गेली होती आणि ते सारखं एकच विचारत होते, "काय म्हणतोय? नथ्थू, काय म्हणतोय?"

सुकलाल चाक फिरवत राहिला. देवाचं नाव घ्यावं असं त्याला वाटलं, पण दम पुरत नव्हता. बायकोचा, अनुसयाबाईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो त्यानं ढकलून दिला. नजर उजव्या उकळीवरून हलत नव्हती. ती जरा बारीक झाली असं वाटलं, की तो दांड्यावर आणखी जोरानं पडायचा, आणि वाहरू ओरडायचा, "हळू, दादा! एकसारखं!"

उजवा दोर हलला.

"रूपचंद शे!" नथ्थू ओरडला. "वर लेवाले सांगस!"

साहेब आणि नथ्थूनं मिळून दोर खेचला. टोप पाण्याबाहेर आला, तेव्हा त्याच्या काचेवर चिखलाचा थर होता. होडीतून परत आलेल्या दोघांनी त्याला माचणावर ओढून घेतलं आणि काच उघडली. रूपचंदच्या नाकातून रक्त येत होतं. टोप उतरताच तो गुडघ्यांवर पडला आणि वांती करू लागला.

सुकलाल जागचा हलला नाही. हलणं शक्यच नव्हतं. त्याच चाकाच्या दुसऱ्या नळीवर दोधू होता.

"वाळू आत घुसली," रूपचंद साहेबांना सांगू लागला. दात वाजत होते. "एकदम. दोधू कमरेपर्यंत गाडला गेला. पाय दगडाखाली आहे. मी हातांनी काढत होतो... काढली तेवढी परत येत होती. काही दिसत नाही, साहेब. काहीच दिसत नाही." मग त्याची नजर पंपाकडे गेली. बाप चाकावर आहे हे त्याला आता दिसलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

"आबा," तो म्हणाला. "आबा, घर चला. मी आते नही जात. कधीच नही जात."

जे ऐकायला सुकलाल घरातून निघाला होता, ते हेच. त्याला काही बोलावंसुद्धा लागलं नव्हतं.

चाक फिरत होतं. वाहरूनं मान खाली घातली होती. साहेबांनी नदीकडे तोंड फिरवलं. ते आज्ञा करू शकत होते, पण त्यांनी केली नाही. नथ्थूच्या डाव्या मुठीतला दोर हलला, थांबला, पुन्हा हलला.

"दोधू शे," नथ्थू हळूच म्हणाला. "त्याले समजी गयं, संगना मानूस गया म्हनीसन."

"पोरा," सुकलालनं विचारलं, "दुसरं कोनी जाई सकस का?"

रूपचंदनं नकारार्थी मान हलवली.

"कोनीच नही?"

"कोनीच नही, आबा."

सुकलालनं दांडा खाली ढकलला, वर घेतला, खाली ढकलला. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. घरी नेलं तर पोरगा जगेल, हे त्याला ठाऊक होतं. समोर तापीचं पात्र उन्हात पसरलं होतं, काठावर माणसं जमली होती, आणि त्या गर्दीत एक बाई कडेवर पोर घेऊन पाण्याच्या अगदी धारेला येऊन उभी होती. ती कोण, हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"मंग जाय," तो म्हणाला.

रूपचंद त्याच्याकडे बघत राहिला.

"जाय. मी चाक सोडत नही."

 रूपचंदनं नाक पुसलं, बाहीला फासलेला चिखल झटकला आणि टोपाखाली मान वाकवली. नळी जोडली गेली. काच बसवताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. तो शिडीवरून उतरला. पाण्यावर पुन्हा दोन उकळ्या आल्या आणि यावेळी त्या जवळ सरकत सरकत एक झाल्या.

काठावरून आणखी माणसं आली. त्यांनी वाहरूला बाजूला घेतलं, सुकलालचाही हात सोडवायला बघितलं. त्यानं कोपरानं ढकललं. समोरचा गडी बदलला, पुन्हा बदलला. सुकलालच्या कानात फक्त पंपाचा श्वास होता. पहिल्यांदा रूपचंद आपल्या मनानं उतरला होता. आता जे होईल, ते आपण केलेलं असेल. हा विचार एकदा आला आणि मग चाकाबरोबर फिरत राहिला.

नथ्थू ओरडला तेव्हा सुकलालला शब्द कळले नाहीत. दोघांना एकाच वेळी वर घेतलं. दोधूचा डावा पाय घोट्याखाली चेंदामेंदा झाला होता, पण टोप काढल्यावर तो शिव्या देत होता. ते ऐकून माचणावरची माणसं हसली आणि हसता हसता दोघं-तिघं रडली. साहेबांच्या जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. ती कडेवर पोर असलेली बाई मागं बसली होती.

पंप थांबल्यावर सुकलालची बोटं उघडेनात. वाहरूनं ती एकेक करून सरळ केली.

संध्याकाळी बाप-लेक रस्त्यावर एसटीची वाट बघत उभे होते. रूपचंदनं अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता. डोळे लाल होते. मघाशी जे बोलला, त्याबद्दल तो काही बोलला नाही. सुकलालनंही तो विषय काढला नाही.

"तुम्ही काबर उनात, आबा?" शेवटी त्यानं विचारलं. "माय बरी शे ना?"

"बरी शे. पूल दखाले उनू."

रूपचंदनं नदीकडे बघितलं. पूल अजून नव्हताच. पात्रात दोन विहिरी सरळ उभ्या होत्या आणि तिसरी, मघापेक्षा जरा कमी कलती. "दगड सरकना," तो म्हणाला. "आते ती सरळ बठी जाई." असं म्हणताना त्याचा आवाज किंचित वर चढला. लगेच त्यानं तो आवरला.

सुकलालला ते ऐकू आलं. त्यानं उपरण्याच्या घडीत हात आणखी आत ओढून घेतले.

"दोधूना जागावर सकाय कोन उतरी?"

रूपचंद नखातला चिखल काढत राहिला.   चल घरी, हे दोन शब्द सुकलालच्या तोंडात होते. पण आज एकदा त्याच तोंडानं जाय म्हटलं होतं, आणि आता ते शब्द बाहेर यायला वाट सापडेना.

एसटी आली. दाराचा दांडा धरताच तळव्यांना आग लागली, म्हणून कोपर अडकवून तो पायरी चढला. कंडक्टरनं घंटी वाजवली. मग सुकलाल वळला आणि खाली उभ्या असलेल्या मुलाला एवढंच म्हणाला,

"पंपवर मानसं दखीसन ठेवजो."