नागाबाईची मिरची

धाकट्या जावेनं लातूरहून येताना सासूसाठी नवं लुगडं आणलं, आणि जाताना सासूच्या आठवणी न्यायचं ठरवलं. शीलाला लुगड्याचं काही वाटलं नाही.

"तुम्ही फक्त बोलत राहा, मामी," रेकॉर्डिंग लावून मोबाइल पुढं धरत तनुजा म्हणाली. सासूला दोघी मामीच म्हणत. "पोरांना कळलं पाहिजे, आपण कोण, कुठले."

निलंग्याच्या या घरात सासूचं, सुमनबाईंचं, दुखणंखुपणं शीलानं काढलं. तेव्हा मामींच्या तोंडून निघायचं काय, तर 'भाजीत मीठ हाय का न्हाई?' आणि आज आठवणींचा पाट वाहत होता. शीला आत भाकरी थापत होती. तनुजाचं 'मग काय झालं, मामी?' ऐकू आलं की थाप जोरात पडायची. भाकरी बिचारी विनाकारण मार खात होती.

"आमची माय लई तिखट," सुमनबाई सांगत होत्या. "ल्हानपणी बापासंगं मिरची घेऊन देगलूरच्या बाजारात गेली. व्यापारी आपसात तेलुगूत बोलले, ह्याला काय कळत न्हाई, मातीमोल भावात घ्या. तशी माय पोत्यावर हुबी ऱ्हायली न् वरडली, 'नाकु तेलुसु!' मला कळतंय म्हनून. सगळा बाजार हसला!"

शीलाचा हात परातीतच थांबला. सुमनबाईंचं माहेर औशाचं. औशाच्या बाईला तेलुगू कुठून येणार? ही मिरची शीलाच्या मायची, तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरच्या नागाबाईची. मामींच्या दुखऱ्या पायाला तेल लावता लावता शीलानंच ती कितीदा सांगितली होती. माय गेली, मागं तिच्या गोष्टी तेवढ्या उरल्या. त्यातलीही एक आता दुसऱ्या बाईच्या नावानं लातूरला निघाली होती.

पिठाच्या हातानंच ती बाहेर आली.

"तनुजा, पूस ते. ती माझी माय हाय."

"अहो ताई, पण मामी तर..."

"इचार की त्यांना, त्यांच्या मायला तेलुगू कुणी शिकवलं ते."

सुमनबाईंनी पदर सारखा केला. "एवढ्यातेवढ्याला भांडायलीस व्हय गं? तुझ्यापाशी मायच्या लई गोष्टी हायत. एक मी घेतली तर काय झिजली ती?" मग आवाज उतरला. "तू पाय चोळत मायचं सांगायचीस, अन् माझा जीव जळायचा. मी पाळण्यात असताना माझी गेली. तोंड बी ठाऊक न्हाई मला तिचं. काय सांगू ह्या मोबाइलला?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

शीला सासूजवळ टेकली. राग गेला नव्हता, आणि माय तर द्यायचीच नव्हती.

"लाव गं," ती तनुजाला म्हणाली. "माझ्या मायचं नाव नागाबाई, गाव देगलूर. ल्हानपणी ती बापासंगं..."

"बैलगाडीचं सांग की आधी," सुमनबाई मध्येच म्हणाल्या. "अन् वरडायचं ते मी वरडते. तुला तसं जमत न्हाई."

"वरडा," शीला म्हणाली. "पण नागाबाईच्या नावानं."