डागाची सात वर्तुळं

दुसऱ्याने आळ घातला तर माणूस भांडतो तरी. स्वतःच स्वतःवर घातला तर भांडायचं कोणाशी?

एका सुनेच्या सासऱ्यांचं अगदी तसं झालं होतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस मंगळवारी सकाळी बाथरूमचा नळ सुरू ठेवून शब्दकोडं सोडवत बसला. पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा ताडकन उठला, घरातले होते नव्हते ते पंचे टाकून सगळं पुसून काढलं. इथवर ठीक होतं. पण प्रामाणिकपणा स्वस्थ बसू देईना. कोणी विचारायच्या आत ते खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे माफी मागायला गेले. काकूंनी मान वर करून पाहिलं, तर झोपायच्या खोलीत कपाटाच्या वर, छताला परातीएवढा तपकिरी डाग!

त्या दिवसापासून सासऱ्यांनी नळाला हात लावला नव्हता. मुलगा रोज कामावर जाण्याआधी येऊन बादल्या भरून ठेवायचा आणि जाताना म्हणायचा, "बाबा, आता एकटं राहणं पुरे. रविवारी चार वाजता गाडी आणतो."

सून तेव्हा बाहेरगावी होती. घर विकत घ्यायच्या आधी लोक तिला बोलवत. ओल कुठून येते आणि किती जुनी आहे, हे सांगणं तिचं काम. रविवारी तीन वाजता ती परतली ती थेट सासऱ्यांकडे. डागाचं तिला नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं. दारातच बांधलेली बॅग दिसली.

"बाबा, चला खाली. डाग बघू."

"कशाला गं सूनबाई? गुन्हा कबूल आहे."

"नुसत्या कबुलीवर मी कुठलाच डाग निकालात काढत नाही."

काकूंनी दार उघडलं, टॉर्चकडे पाहिलं आणि हसल्या. "घरचाच आरोपी आणि घरचीच तपासनीस! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. माझा राग नाही हो घड्याळजींवर. पण छत काही मी भिजवलं नाही."

"खरं आहे, काकू. म्हणून मी निकाल देणारच नाही. तुम्हीच द्यायचा."

ती स्टुलावर चढली. ओल मोजायचं छोटं यंत्र डागाच्या मध्यभागी टेकवलं. कोरडं. डावीकडे, उजवीकडे, कोरडं ठणठणीत. मंगळवारचं पाणी मुरलं असतं तर पाच दिवसांत छत इतकं वाळलं नसतं. तिने टॉर्च आडवा धरला, आणि छतावर एकात एक रेघा उमटल्या.

"काकू, पाणी मुरतं तेव्हा मळ कडेला ढकलत नेतं. वाळलं की तिथे रेघ राहते. पुन्हा भिजलं, पुन्हा रेघ. एका भिजण्याची एक. मंगळवारचं एकच पाणी असतं तर एकच रेघ असती. इथे मला सहा दिसतायत!"

"सहा? मला तर एकच डाग दिसतोय बाई."

"थांबा!" सासरे म्हणाले, आणि पाच दिवस पाय ओढत चालणारा माणूस दोन-दोन पायऱ्या चढून वर गेला. परतला तो डोळ्याला लावायचं भिंग घेऊन.

"अहो, पडाल!" काकू ओरडल्या.

"स्टूल धरा, आरडाओरडा नको," म्हणत ते चढले. भिंग डोळ्याला लागलं आणि हात असा स्थिर झाला, जसा घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगवर व्हायचा. एक, दोन, तीन...

"सहा नाहीत! सात! चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये एक बारीक आहे. सूनबाई, तुझं घड्याळ एक तास मागे आहे!"

सून टाळीच वाजवणार होती, तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे नळ सातदा उघडा राहिला म्हणायचा?"

सासऱ्यांचा चेहरा भिंगासकट उतरला. ते हळूच स्टुलावरून खाली आले. "राहिलाही असेल," ते पुटपुटले. "माझा मलाच भरवसा नाही आता."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते. सुनेने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि इकडेतिकडे पाहू लागली. नजर कपाटावरच्या पत्र्याच्या ट्रंकेवर थांबली. ट्रंक बरोबर डागाखाली होती.

"काकू, ही इथे कधीपासून?"

"लेक शिकायला गेली तेव्हापासून. तिच्या वह्या आहेत. तीन वर्षं झाली, कोणी हलवली नाही."

"धरा एक बाजू!"

दोघींनी ट्रंक उतरवली. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ट्रंकेचा चौकोन स्वच्छ उमटला होता, आणि त्या चौकोनाच्या आत तपकिरी थेंबांचे गोल गोल डाग होते. काकूंनी ते बोटाने चाचपले.

"अगं, ट्रंक ठेवल्यावर तिच्या खाली थेंब पडणार कसे?"

"तुम्हीच सांगा!"

"म्हणजे ते आधीचे. तीन वर्षांच्याही आधीचे!" काकूंचा आवाज चढला. "आणि घड्याळजी, तुम्ही वर राहायला कधी आलात?"

"दीड वर्ष झालं," सासरे म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून कपाटाला धरून हसायला लागले.

सुनेने यंत्र आता छताच्या पार कोपऱ्यात टेकवलं. काटा उडाला. त्या भिंतीतून गच्चीवरच्या पाण्याचा पाइप जात होता.

"हा तुमचा खरा चोर, काकू. अधूनमधून जास्त गळतो, तेव्हा पाणी छतातून कपाटावर येतं. पाइप बदलायला हवा."

"आणि मी एवढी वर्षं त्याच्याखाली घोरतेय! हे माफी मागायला आले नसते तर मान वर केली नसती मी."

तेवढ्यात मुलगा दारात आला. हातात वरून आणलेली बॅग. "बाबा, चार वाजले. निघायचं ना?"

"आधी चढ स्टुलावर. रेघा मोज," सासरे म्हणाले.

तो चढला, उतरला, ट्रंकेखालचा कागद पाहिला, आणि बॅगेचा पट्टा उगाच चाळवत उभा राहिला.

"डाग बाबांचा नाही," सून म्हणाली. मग खोटी सूट द्यायला नको म्हणून हळूच पुढे म्हणाली, "नळ मात्र त्यांचाच होता."

"एकदम कबूल!" सासरे म्हणाले. "अरे, दोनशे गजर दुरुस्त केलेत मी, एक स्वतःला लावता येणार नाही? नळ सोडायच्या आधी किल्ली द्यायची. आलोच, हात धुळीने भरलेत."

ते वर गेले. घंटेच्या घड्याळाला किल्ली दिल्याची करकर जिन्यातून ऐकू आली. मग नळ सुटला, धो धो. मुलगा जिन्याकडे वळला, तशी सुनेने त्याची बाही धरली. पाणी पडतच राहिलं. काकूंचे डोळे छताला लागले.

घंटा खणाणली. नळ बंद झाला. एक थेंबसुद्धा ऐकू येईना.

मुलाने सुस्कारा सोडला, बॅग खांद्याला लावली आणि ती परत वर न्यायला निघाला.