उसातलं ताट

पिंपळवंडीत बिबट्यावरून सभा भरली होती. पिंजरा कधी लावणार, म्हणून बायकांनी एकच गिल्ला केला, तसा वनखात्याच्या साहेबांनी टेबलावर हात आपटला. "सायलेन्स!"

"काय म्हनला गं?" सारजाबाईनं नातीला विचारलं.

"गप बसा म्हणतात, आजी. शाळेत बी हेच म्हणतात."

सारजाबाईचं टाळकं सरकलं. उसात शिरताना ताट बडवत जा, गप जाऊ नका, हे याच साहेबांनी गावाला शिकवलं होतं. ती रानातनं थेट आली होती, ताट काखेतच होतं. उभं राहून तिनं ते असं बडवलं, की साहेबांचा माईकसुद्धा ऐकू येईना.

मग हात थांबवून ती म्हणाली, "सायलेन्स बिबट्या पाळतो, साहेब. आमी न्हाई."