तिसरी घडी

या, जरा जवळ सरा. ज्याला कमी ऐकू येतं त्याने अगदी पुढे बसावं. एका धुलाईघरातल्या मावशींची गोष्ट सांगतो. कुणाला जांभई आली तर दोष माझा.

रुग्णालयाच्या धुलाईघरात मावशींनी एकवीस वर्षं चादरी धुतल्या. मुकादमाची जागा रिकामी झाली, तसं धुलाईघराच्या साहेबांनी फर्मान काढलं: इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास होईल त्यालाच जागा. त्यातून गेल्या महिन्यात सहा चादरी हरवलेल्या. तेव्हापासून साहेब येता-जाता मावशींच्या पिशवीकडे बघत.

"मला डावलायलाच काढलाय हा नियम," मावशी म्हणाल्या. "आता तर परीक्षा देणारच!"

घरी सूनबाई गुरू झाली. "आई, काम होऊन गेलंय, पण त्याचा संबंध आत्ताशी आहे, तेव्हा 'आय'ला 'हॅव' लावायचं, 'ही'ला 'हॅज'. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेंट, गॉन."

टाळक्यात काही शिरेना. मग मावशींनी पलंगावरची चादरच ओढली. पहिली घडी गो, दुसरी वेंट, तिसरी गॉन.

"तिसरी घडी पडल्याशिवाय चादर कपाटात जात नाही बघ!"

"आणि हॅव?"

"तेच कपाट!"

एक हट्ट मात्र सुटेना. वहीत होतं, 'मी सफरचंद खाल्लं आहे.' मावशी म्हणाल्या, "खाल्लं कुठं? आधी आण, मग म्हणते." सूनबाई भर उन्हात बाजारात जाऊन सफरचंद घेऊन आली.

परीक्षा धुलाईघरातच झाली. साहेबांनी चिठ्ठी सरकवली. त्यावर 'स्टील', म्हणजे चोरणे. साहेबांच्या मिशीत हसू.

मावशींचे हात हवेत तीनदा दुमडले. स्टील, स्टोल, स्टोलन. येत तर होतं सगळं.

"म्हणा, आय हॅव स्टोलन."

"नाही म्हणत."

"अहो, नुसतं वाक्य आहे."

"वाक्य तुमचं, तोंड माझं. देवाने ते खोटं बोलायला दिलेलं नाही."

"मग नापास."

"खुशाल करा! पण माझं उत्तर कागदावर उतरवा." मावशी उभ्या राहिल्या. "आय हॅव वॉश्ड. आय हॅव ड्राइड. आय हॅव फोल्डेड. आय हॅव नॉट स्टोलन!"

यंत्रं थांबवून बायका दारात गोळा झाल्या होत्या. साहेबांचं पेन अडलं.

"लिहा ना, साहेब. स्पेलिंग अडलं असेल तर सूनबाईला बोलावते."

एवढ्या जणींसमोर लिहावं लागलं. लिहिलं आणि बघत बसले. काट मारायला कुठे जागाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या किल्ल्या मावशींच्या कमरेला आल्या. पहिला हुकूम सुटला: पिशव्या तपासायच्या तर सगळ्यांच्या, साहेबांचीसुद्धा.

तर मंडळी, न केलेलं पाप कुणी तुमच्या तोंडी घालू लागलं, तर या मावशींना आठवा. आणि भर उन्हात सफरचंद आणायला गेलेल्या त्या सूनबाईलाही विसरू नका.